जाहिरातीतली ती बारीक चांदणी

संपादक साहेब,

नमस्कार. मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत वेब होस्टिंगची, म्हणजे वेबसाइट ठेवायला भाड्याने जागा देणाऱ्या कंपनीची, अर्धं पान जाहिरात होती, "महिना फक्त ८९ रुपयांत तुमची वेबसाइट, सगळं अनलिमिटेड!" आणि त्या अनलिमिटेडच्या डोक्यावर एक बारीक चांदणी. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात, तोही इंग्रजीत. मला चष्मा लावूनही वाचता येईना, शेवटी मोबाइलने फोटो काढून झूम केला. पण खरं सांगायचं तर वाचायची गरजच नव्हती कारण असल्याच एका चांदणीने आम्हाला ऑगस्ट २०२२ मध्ये गंडवलेलं आहे. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचा धंदा थोड्याफार फरकाने असाच चालतो.

आम्ही नाशिकची आठ-दहा भटकी मंडळी, बागलाणातल्या किल्ल्यांची माहिती देणारी एक साइट चालवतो, म्हणजे पाणी कुठल्या टाक्यातलं प्यायचं, मुक्काम कुठे करायचा, वाघांब्याकडून चढायचं की साल्हेरवाडीकडून, सटाण्याहून एसटी किती वाजता, असलं सगळं. महिना ८९ च्याच हिशोबाने तीन वर्षांचे एकदम ३,२०४ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी भरला, वाटलं स्वस्तात काम झालं. आणि झालंही होतं, दिवसाला दोन-तीनशे लोक यायचे, कुरकुर नाही.

मग आला ११ जुलै २०२५, शुक्रवार. पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात गेले, त्यात आमचा साल्हेर! जल्लोष सुरू, जो तो रात्री साल्हेर शोधतोय, आणि आमच्या साइटवर पांढऱ्या पानावर एकच ओळ, ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली त्याच दिवशी दुकानाला कुलूप. सपोर्टच्या चॅटवर तासाभराने कुणीतरी आलं आणि म्हणालं सर अपग्रेड करा. मी म्हटलं अहो अनलिमिटेड आहे ना, तर म्हणे जागा अनलिमिटेड, एन्ट्री प्रोसेस २०. म्हणजे काय तर एका क्षणी जास्तीत जास्त वीसच पानं तयार होणार, एकविसावा माणूस आला की त्याला दार बंद. आणि फाइलींच्या संख्येवरही मर्यादा होती, त्यामुळे जागा अनलिमिटेड हेही अर्धंच खरं. एसटीत उभं राहायला अनलिमिटेड जागा आहे पण दारातून एका वेळी एकच जण चढणार, तसलाच प्रकार.

आम्ही घाबरून दोन दिवसांत व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा फक्त आपल्यासाठी वेगळा काढलेला भाग) घेतला, महिना नऊशे रुपये, आणि इथे आमची दुसरी चूक. व्हीपीएस म्हणजे स्वतंत्र खोली मिळते हे बरोबर, पण झाडू-पोछा आणि कडी-कुलूप तुमचं तुम्ही बघायचं, सिक्युरिटीचे अपडेट तुम्हीच टाकायचे, रात्री डेटाबेस बंद पडला तर तुम्हीच उठायचं. आमच्यातला जो एक मुलगा हे करू शकतो तो नोकरीला पुण्यात, त्याने जमेल तसं रात्री बसून साइट हलवली आणि सकाळी बघतो तर सगळं मराठी गायब, साल्हेरच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. इंपोर्ट करताना कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, लॅटिन-१ राहिला होता, आणि देवनागरी त्यात बसतच नाही. एकदा प्रश्नचिन्ह झालं की त्यातून अक्षर परत निघत नाही. नशीब जुनं खातं चालू होतं म्हणून वाचलो, त्यावरच परत आलो. मराठी साइटवाल्यांनो, हलवाहलवी करताना कॅरेक्टर सेट युटीएफ-८-एमबी-४ (देवनागरी बसते तो) आहे ना हे दहा वेळा बघा, आणि नवीन ठिकाणी सगळं वाचून झाल्याशिवाय जुनं बंद करू नका.

आता गंमत ऐका. नंतर शांतपणे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, बघितल्या तर निम्मा दोष आमचाच निघाला. पहिल्याच पानावर मोबाइलमधून थेट टाकलेले चार-चार एमबीचे चौदा फोटो, आणि कॅश, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून ठेवायची सोय, चालूच केलेला नाही, त्यामुळे प्रत्येक येणाऱ्यासाठी तेच पान डेटाबेसमधून नव्याने शिजतंय. खानावळीत वरण एकदाच मोठ्या पातेल्यात करतात, प्रत्येक ताटासाठी वेगळा कुकर लावत नाहीत, एवढी साधी गोष्ट. फोटो दीडशे केबीवर आणले, कॅश लावला, आणि १५ ऑगस्टच्या जोडून सुट्टीत त्याच ८९ रुपयांच्या प्लॅनवर साइट हूं की चूं न करता चालली.

मग लगेच रिन्युअलचा मेल, महिना ३४९. चौपट! हे पण त्या चांदणीखालीच होतं म्हणे.

सध्या आम्ही दुसरीकडे आहोत, महिन्याच्या महिन्याला पैसे, सर्व्हर मुंबईत. आधीचा अमेरिकेत होता, ऑर्डर करताना कुणी बघितलंच नव्हतं, आणि नाशिकहून तिथे जाऊन यायला प्रत्येक विनंतीला दोनशे मिलिसेकंदांच्या वर, मुंबईला वीसच्या आत. (गडावर रेंजच नसते तो भाग वेगळा.) यावेळी घेण्याआधी विचारलं की रॅम किती, एकावेळी प्रोसेस किती, दुसऱ्या वर्षी पैसे किती, आणि मुख्य म्हणजे सोडून जायचं झालं तर माझा सगळा डेटा मला कसा मिळेल. तीन ठिकाणी शेवटच्या प्रश्नावर विषय बदलला. तिथे घेतलं नाही.

बॅकअप आम्ही ठेवतो वाला भरवसा तर मुळीच नको. १० मार्च २०२१ ला फ्रान्सात स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं अख्खं डेटा सेंटर जळालं, काहींचा बॅकअपही त्याच आवारात होता, दोन्ही गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनला सरकारी डेटा सेंटरला आग लागली, कर्मचाऱ्यांच्या फाइलींचं ८५८ टेराबाइटचं साठवण गेलं आणि त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. सरकारचं असं होतं तर आपली काय कथा. आम्ही दर महिन्याला एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर घेतो आणि ती लॅपटॉपवर उघडूनही बघतो, पहिल्याच वेळी उघडली नव्हती म्हणून सांगतो.

तुम्हाला विनंती एवढीच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात दावा ज्या भाषेत त्याच भाषेत खुलासा आणि फॉन्टही तोच असं म्हटलंय. पुढच्या रविवारी ती जाहिरात परत येईल तेव्हा चांदणीखालचा मजकूर मराठीत आणि चष्म्याशिवाय वाचता येईल असा छापायला लावा.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक