नाकाला कशाला खोटं बोलायचंय?

प्रिय सुन्या,

तुझं जाडजूड पत्र पोचलं. घरची खुशाली दोन ओळींत आणि बाकी सगळं उडत्या तबकड्या, पिशाच्चं आणि त्यांच्या दुर्गंधीवर! म्हणजे तू ठणठणीत आहेस. तुझं म्हणणं असं की डोळे फसतात, कान फसतात, पण एकमेकांना न ओळखणारी माणसं 'गंधकासारखा वास आला' असं एकसुरात सांगतात, तेव्हा त्यात तथ्य असणारच. नाकाला कशाला खोटं बोलायचंय?

अर्धं मान्य. वास बहुतेक वेळा खरा असतो. फक्त माणूस तो ज्याच्या नावावर खपवतो, त्याचा तो नसतो.

तुझं लाडकं फ्लॅटवुड्स प्रकरणच घे. १२ सप्टेंबर १९५२ ची संध्याकाळ, अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया. खेळणाऱ्या पोरांना एक झगझगीत गोळा टेकडीपलीकडे उतरताना दिसला. एक बाई, काही पोरं आणि एक तरुण असे सगळे टॉर्च घेऊन वर गेले. तिथे धुकं, डोळे चुरचुरतील असा उग्र दर्प, टॉर्चच्या झोतात चमकलेले दोन डोळे, आणि फुसकारत सरकत येणारी दहा फुटी आकृती. सगळे जीव घेऊन पळाले. नंतर काहींचे घसे धरले, उलट्या झाल्या. आता तो गोळा म्हणजे उल्का होती, ती शेजारच्या राज्यांतूनही दिसली होती. आकृती म्हणजे फांदीवर बसलेलं गव्हाणी घुबड असावं, असं पुढे जो निकेल या संशोधकाने मांडलं, आणि मला ते पटतं. राहिला वास. मागून तिथे गेलेल्यांनाही तो आला, पण वाकून जमिनीजवळ नाक नेल्यावर. त्या भागात उग्र वासाचं गवत मुबलक होतं. म्हणजे वास खराच होता, आणि तो तिथे कालही होता, परवाही होता. अंधारात धावत चढ चढून, छाती धडधडत असताना नाकाने तो पहिल्यांदाच मनावर घेतला, एवढंच.

गंधकाचं तर विचारूच नकोस. २१ ऑक्टोबर १६३८ ला इंग्लंडमध्ये डेव्हनमधल्या वाइडकोंब गावी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना वीज पडली. आगीचा गोळा आत फिरला, चार माणसं गेली, साठेक जखमी झाली, आणि आत गंधकाची दुर्गंधी कोंडली. झालं, सैतान येऊन गेला! विजेच्या कडाक्यात हवेतून ओझोन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. दोन्हींचा वास तिखट, नाकात झोंबणारा. पण ओझोन हे नाव जन्माला यायला अजून दोनशे वर्षं होती. तेव्हाच्या माणसाला झोंबणारा वास माहीत होता तो गंधकाचा, आणि गंधकाचा मालक कोण हे त्याला चर्चनेच शिकवलेलं होतं.

दलदलीचं मात्र उलटं आहे, तिथे खरंच गंधक असतं. चिखलात पाला कुजला की हायड्रोजन सल्फाइड हा गंधकयुक्त वायू सुटतो, तोच तो सडक्या अंड्याचा वास. हवेच्या अब्ज भागांत तो एखादा भाग असला तरी आपल्याला कळतो. उलट प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच कोसळतो. पुन्हा तू कुठल्या ओसाड तळ्याकाठी भुतं शोधायला जाणार असशील, तर एवढं ध्यानात ठेव.

आता तुझ्या 'सगळ्यांना एकदम कसा येईल?' या सवालाकडे येतो. १८९९ साली वायोमिंग विद्यापीठात एडविन स्लॉसन नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने वर्गात एक नीट गुंडाळलेली बाटली आणली. तोंड बाजूला वळवून त्याने ती कापसावर ओतली, घड्याळ लावलं आणि सांगितलं, 'वास पोचला की हात वर करा.' पंधरा सेकंदांत पहिल्या रांगेतले बहुतेक हात वर. चाळीस सेकंदांत लाट मागपर्यंत गेली. शेवटी तीन चतुर्थांश वर्गाला वास येत होता, आणि पुढच्या काहींना इतका त्रास व्हायला लागला की प्रयोग आवरता घ्यावा लागला. बाटलीत निव्वळ शुद्ध पाणी होतं! त्या पोरांवर मी हसणार नाही. प्राध्यापकाने तोंड वळवलेलं पाहून मलाही आला असता.

शिवाय बाहेर काहीच नसताना वास येतो, तो प्रकार मी घरचाच सांगतो. माझी अर्धशिशी उठायच्या आधी मला जळक्या रबराचा वास येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी रात्री घरातले सगळे प्लग हुंगत फिरलो होतो. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून अपस्माराचा झटका सुरू होतो तेव्हाही काही रुग्णांना असाच घाणेरडा वास येतो, आणि त्याच सुमारास अनाम भीती वाटते, कुणीतरी जवळ उभं असल्यासारखं वाटतं. वास, भीती आणि परकं अस्तित्व, तिन्ही एका मिनिटात. तू साक्षीदारांच्या हकिगती टिपून ठेवतोस त्या वहीतल्या नोंदींशी ताडून पाहा.

गंमत अशी की झपाटलेल्या घराचा सर्वांत पक्का पुरावा सापडला, त्याला वासच नव्हता. १९२१ मध्ये विल्मर या नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकिगत छापली. पावलांचे आवाज, पलंगाशी उभ्या आकृत्या, मरगळ, डोकेदुखी. घर गरम ठेवणारी भट्टी बिघडलेली निघाली, आणि घरभर कार्बन मोनॉक्साइड भरत होता. तो बिनवासाचा.

आणि अंतराळाचाच वास हवा असेल तर तो हुंगून आलेली माणसं आहेत. १९७२ च्या अपोलो १७ मोहिमेत सर्नन आणि श्मिट यांना यानात आलेल्या चंद्रावरच्या धुळीला उडालेल्या बंदुकीच्या दारूसारखा वास आला. डॉन पेटिट या अंतराळवीराला अंतराळातून आत आलेल्या सहकाऱ्यांच्या पोशाखांना वेल्डिंगच्या धुरासारखा गोडसर धातूचा वास जाणवला. सडकं अंडं कुणालाच नाही. युरेनसच्या ढगांत मात्र हायड्रोजन सल्फाइड आहे, हे २०१८ मध्ये नक्की झालं. तुझे पाहुणे तिथलेच निघाले तर मी सपशेल शरण.

आता पुढचा साक्षीदार गाठशील तेव्हा वास कसा होता, यावर थांबू नकोस. आधी कुणाला आला, त्याने तो मोठ्याने सांगितला का, वारा कुठून होता, खाली वाकल्यावर वाढला का, हे विचार. आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात तिथे जाऊन स्वतः हुंगून ये. तू हे केल्याशिवाय राहणार नाहीस, म्हणूनच सांगतोय.

वहिनींना नमस्कार सांग, आणि त्या वहीची एक प्रत मला धाड. चौदाव्या नोंदीतला 'गोड, औषधी' वास मला छळतोय. तिथे जवळपास दवाखाना किंवा रंगकाम चालू होतं का, एवढं आधी कळव.

तुझा,
अव्या