मुलांना आणि मुलांनी

केंब्रिज,
रविवार, संध्याकाळ

ती. अण्णांस शि. सा. नमस्कार.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "नीती शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं? ती घरातच शिकायची असते." मी "नंतर सांगते" म्हणाले आणि विषय आईच्या गुडघ्यावर गेला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

नीती घरातच शिकले, ते खरंच आहे. इथे मी नीतीचे शब्द शिकते आहे. "कृष्णा सांगलीवरून वाहते" हे खरं की खोटं, ते घाटावर जाऊन बघता येतं. "चोरी करणं वाईट" हे कुठे जाऊन बघायचं? असं म्हणताना आपण जगाबद्दल काही सांगत असतो, की नुसती मनातली नावड बोलून दाखवत असतो? ए. जे. एअर नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९३६ साली, वयाच्या पंचविशीत, ठणकावून सांगितलं की ही नावडच आहे. अशी वाक्यं खरीही नसतात आणि खोटीही नसतात. पुढे पीटर गीच या तत्त्वज्ञांनी त्यात एक साधी अडचण दाखवली. "खोटं बोलणं वाईट असेल, तर धाकट्या भावाला खोटं बोलायला लावणंही वाईट." या वाक्यात "असेल तर" आहे, म्हणजे बोलणाऱ्यानं अजून कशाचीच नावड दाखवलेली नाही. तरी वाक्याला अर्थ आहे आणि त्यावरून पुढचा निष्कर्षही काढता येतो. मग तो शब्द नुसता नावडीचा कसा? या एका "असेल तर"नं साठ वर्षं लोकांना कामाला लावलं आहे. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण त्यावरच आहे.

गेल्या महिन्यात सेमिनारमध्ये माझ्या गाइडनी विचारलं, तुमच्या भाषेत कर्तव्य कसं सांगतात? मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. "मुलांना खाऊ पाहिजे." "मुलांनी खरं बोललं पाहिजे." शेजारी अर्थ लिहिला, तर सगळे पुढे सरसावून बसले. खाऊची इच्छा आणि खरं बोलण्याचं कर्तव्य, दोन्हींना एकच शब्द! एकजण म्हणाला, "मग एअरचंच खरं. तुमच्या भाषेत कर्तव्य म्हणजे कुणाची तरी इच्छाच."

मी गप्प बसणार होते. पण तुमचा आठवीचा वर्ग आठवला, हातात खडू घेऊन तुम्ही विभक्तीचे प्रत्यय म्हणून घ्यायचात तो. मी "मुलांना"खाली रेघ ओढली, मग "मुलांनी"खाली. पहिल्या वाक्यात ज्याला पाहिजे तो चतुर्थीत उभा आहे. दुसऱ्यात मुलं तृतीयेत गेली, ती करणारी झाली. पण पाहिजे कुणाला? ते वाक्यात कुठेच नाही. आईला नाही, मास्तरांना नाही, देवालासुद्धा नाही. इच्छा करणारा वाक्यातून उठून गेला आणि मागे उरलं ते कर्तव्य. अण्णा, मला त्या क्षणी खरोखर काटा आला. आयुष्यभर बोललेल्या वाक्यात हे होतं आणि मी एकदाही पाहिलं नव्हतं.

आणि हा शब्द मुळात "पाहणे"तूनच आला, हेही तुम्हीच शिकवलेलं. ज्ञानेश्वरीतल्या "कीजे", "बोलिजे"सारखं ते जुनं कर्मणी रूप. इंग्रजीतला त्यांचा कर्तव्याचा शब्द "ऑट" (ought) हा "देणं लागतो" या क्रियापदाचं जुनं भूतकाळी रूप आहे. त्यांचं कर्तव्य कर्जातून आलं, आपलं पाहण्यातून. गाइडनी मात्र लगेच बजावलं की शब्दाच्या व्युत्पत्तीवरून नीती सिद्ध होत नाही. बरोबर आहे त्यांचं. पण वाक्याची घडण हा पुरावा म्हणून मांडता येईल, असं त्या म्हणाल्या. आता तिसरं प्रकरण त्यावर लिहिते आहे.

आता जे सांगण्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसले, ते. विल्यम क्लिफर्ड नावाचा गणिती इथेच, ट्रिनिटी कॉलेजात शिकला. १८७७ साली त्यानं विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. एका जहाजमालकाला ठाऊक असतं की जहाज जुनं झालं आहे, दुरुस्तीला आलं आहे. पण तो मनाची समजूत घालतो, इतक्या वादळांतून आलं, आताही येईल. हळूहळू त्याला ते अगदी मनापासून पटतं. जहाज माणसांसकट बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, मालक दोषी आहे, कारण समोरच्या पुराव्यावर तसं मानण्याचा त्याला हक्कच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी. हे लिहिणारा स्वतः १८७० साली ग्रहण पाहायला निघालेला असताना सिसिलीजवळ जहाज फुटून वाचला होता. तेहतिसाव्या वर्षी गेला. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं पुढे त्याला उत्तर दिलं की काही वेळा पुराव्याची वाट पाहत बसता येत नाही. तेही मी वाचलं. पण मला झोप लागली नाही ती क्लिफर्डमुळे.

ऑगस्ट २०१९, सांगलीचा महापूर. मी पुण्यात होते. खालच्या काकूंनी फोनवर विचारलं, "सामान वर न्यायचं का गं?" मी म्हणाले, "२००५ ला चौथ्या पायरीपर्यंतच आलं होतं काकू, त्याच्यावर येत नाही. कशाला ओझी वाहता?" कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी मोबाइलवर आलेली होती. मी ती उघडली नाही. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. काकूंचं शिलाई मशीन गेलं. मी आले तेव्हा त्या गिऱ्हाइकांचे ब्लाऊजपीस दोरीवर वाळत घालत होत्या, सगळे एकाच मातकट रंगाचे. कुठला कुणाचा ते ओळखायला त्या काठाची वीण बोटांनी चाचपून बघत होत्या.

तुम्ही तेव्हा म्हणालात, "तुला काय माहीत होतं? तुला वाटलं ते तू सांगितलंस." अण्णा, तोच शब्द बघा. भीती वाटते, बरं वाटतं आणि पाणी येणार नाही असंही वाटतं. आपण तिन्हींना "वाटणं"च म्हणतो. मला वाटलं, कारण तसं व्हायला मला पाहिजे होतं. मी काय करायला पाहिजे होतं, ते त्या न उघडलेल्या बातमीत होतं. काकूंनी कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, त्यामुळे मलाही कधी बोलता आलं नाही.

सोबत काकूंसाठी वेगळी चिठ्ठी आहे. त्यांचा चष्म्याचा नंबर वाढला आहे असं आई म्हणाली, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. तरी वाचायला त्रास झाला तर तुम्ही वाचून दाखवा, पण त्यांनी सांगितलं तरच. आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी