कॅलेडियम लावताना

बेळगाव
वैशाख अखेर

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

कॅलेडियमचे, म्हणजे रंगीत पानांच्या त्या शोभेच्या अळूचे, कंद मिळाले असतील तर आता थांबू नकोस. याला फुटायला मातीत ऊब लागते. माती गार आणि ओली असली की कंद फुटायच्या आधी कुजतो. मृग लागण्यापूर्वी मुळं धरलेली बरी.

तुमच्या निपाणीकडची काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा जमिनीत नको, कुंडीतच लाव. आठ इंची कुंडी पुरे. दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाडी वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. कंद दाबून बघ. मऊ लागेल तेवढा भाग कापून टाक, कापल्या जागी राख चोळ आणि दोन दिवस सावलीत सुकव. डोळे वरच्या बाजूला ठेवून दीड-दोन इंच खोल लाव. वरची बाजू कळेना तर आडवा ठेवलास तरी फुटतो. मधला ठळक डोळा चाकूच्या टोकानं खरवडलास तर बाजूचे डोळे जोर धरतात. पानं थोडी लहान येतात, पण कुंडी भरून येते. मला तीच जास्त देखणी वाटते.

कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानंच घाल. जागा आंब्याखालची किंवा पूर्वेच्या सोप्यातली. दुपारच्या उन्हात पांढऱ्या पानांवर तपकिरी चट्टे पडतात, आणि अगदीच अंधारात देठ लांबून पान लवंडतं. युरिया अजिबात नको, नत्र जास्त झालं की लाल-गुलाबी रंग जाऊन हिरवा चढतो. अळूसारखं फूल आलं तर बुडातून खुड. पावसात पानांना भोकं दिसली तर रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई वेच.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीच्या आगेमागे पानं पिवळी पडून माना टाकतील. झाड मेलं समजून लोक पाणी वाढवतात, आणि तिथंच कंद जातो. ते झोपायला निघालेलं असतं. पाणी कमी करत बंद कर, पानं पूर्ण वाळली की कंद काढ, माती झटक, आठवडाभर सावलीत सुकवून कोरड्या वाळूत घरातच ठेव. फ्रिजमध्ये मुळीच नको.

आणि हे अळूचं भावंड असलं तरी खायचं नाही. चीक तोंडाला लागला तर घसा सुजतो. लहान मुलं आणि शेळ्या यांच्यापासून कुंड्या उंचावर ठेव.

तुझा,
दिगंबर