शनिवारी घाणा बंद

रायगडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, तेल्यांचा घाणा शनिवारी, शब्बाथ या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू विसरली होती. तरी ‘शेमा’ ही यहुदी प्रार्थना तोंडपाठ होती आणि मुलाची सुंता आठव्या दिवशी होत होती. भाषा मराठी, नेसण लुगड्याचं, आडनावं पेणकर, रोहेकर. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा हा प्रसादही पोहे, साखर, ओल्या खोबऱ्याचा. मांसासोबत दूध-दही चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्श्याला दही नाही, नारळाचं दूध. मला वाटतं, श्रद्धा टिकली ती या स्वयंपाकघरात. मुंबईत सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, उभं राहिलं ते पुष्कळ नंतर, १७९६ साली.

आजची ओढाताण निराळी आहे. शेजाऱ्यांनी कधी आडकाठी केली नाही, हे आधी सांगायला हवं. पण शनिवारी परीक्षा, शनिवारी ड्यूटी. आणि शुक्रवारी सूर्यास्ताआधी शब्बाथचे दिवे लावायला आई लोकलमधून वेळेत उतरेलच असं नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. शब्बाथ पाळणाऱ्या विद्यार्थ्याने आधी अर्ज केला, तर त्याचा पेपर दुसऱ्या दिवशी घेण्याची सोय शिक्षण विभागाने करावी. अर्ज मूठभरच येतील.

– एक वाचक, अलिबाग