आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : गुडघेदुखीच्या व्यायामाचाही खर्च उचला

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिसचे, म्हणजे ज्याला सगळे 'सांध्याची झीज' म्हणतात त्या आजाराचे, पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा हातात एक्स-रे आणि डोक्यात 'गादी झिजली, आता जपा' हे एकच वाक्य असते. मग ते जपतात. जिना टाळतात, चालणे सोडतात. मांडीचा स्नायू वाळत जातो, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात आणि दुखणे वाढतच राहते.

हा आजार नुसती झीज नाही, एवढे संशोधनाने केव्हाच दाखवले आहे. कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या त्या गादीत, नसा नसतात, ती स्वतः दुखत नाही. दुखते ते सांध्याचे अस्तर आणि कूर्चेखालचे हाड. लठ्ठ माणसांच्या बोटांच्या सांध्यांतही हा आजार जास्त आढळतो, आणि बोटांवर काही शरीराचा भार नसतो! चरबीतून सुटणारी दाहकारक द्रव्येही सांधा बिघडवतात.

२०२४ मध्ये वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाची ४०७ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. हे सगळे लठ्ठ आणि गुडघेदुखीने त्रस्त होते. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १३.७ टक्के उतरले आणि शंभरपैकी मोजलेली वेदना सुमारे ४२ गुणांनी घटली. नकली औषध घेणाऱ्यांची घट साडेसत्तावीस होती. आहार-व्यायामाचे मार्गदर्शन दोन्ही गटांना होते, हे मुद्दाम सांगते. औषध महाग आहे, सर्वांसाठी नाही. पण वजन उतरले की गुडघा सुखावतो, याचा इतका ठाम पुरावा क्वचितच मिळतो.

उलट, दुर्बिणीतून गुडघा 'साफ' करणे खोट्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस नाही, हे २००२ मध्येच सिद्ध झाले. दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड टोचल्यास दोन वर्षांत कूर्चा जास्त झिजते, वेदनेत मात्र फरक पडत नाही, असे २०१७ च्या चाचणीत दिसले. पीआरपीची, म्हणजे पेशंटच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाची, इंजेक्शनेही २०२१ च्या मोठ्या चाचणीत मिठाच्या पाण्यापुढे टिकली नाहीत. तरी पेशंट यांवर साठवलेले पैसे घालवतात. मला याचा संताप येतो. सांधेबदलाबद्दल तक्रार नाही. वेळ आली की ती शस्त्रक्रिया माणसाला पुन्हा उभे करते.

डेन्मार्कने २०१३ पासून साधी गोष्ट केली : आजार समजावून सांगणारी दोन-तीन सत्रे आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली बारा व्यायामसत्रे, आठवड्यातून दोनदा. यंत्रे फारशी लागत नाहीत. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, पायरी चढणे-उतरणे, हळूहळू वाढवत नेणे. सुरुवातीला थोडे दुखते. सोबत जाणकार असेल तर पेशंट घाबरून सोडत नाही. छापील कागद हातात दिला तर बहुतेक जण सोडतात.

म्हणून मागणी एवढीच : प्रत्येक सरकारी रुग्णालयात ही बारा सत्रे मोफत सुरू करा, त्यासाठी फिजिओथेरपिस्टची पदे भरा आणि दुर्बिणीच्या निरुपयोगी शस्त्रक्रियांवरचा सरकारी खर्च थांबवून तो पैसा इकडे वळवा.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट