टीईटी हवी, पण अभ्यासाला वेळही हवा

महोदय,

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार, सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले आहे; त्याहून कमी सेवा उरलेल्यांची नोकरी टिकते, मात्र त्यांनाही पदोन्नतीसाठी ही परीक्षा द्यावीच लागेल. मुलांसमोर उभ्या राहणाऱ्याची पात्रता तपासली जावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

परंतु ज्यांची नेमणूक २०१० पूर्वी, म्हणजे टीईटी अस्तित्वातच नसताना, त्या वेळच्या नियमांप्रमाणे डी.एड.च्या गुणांवर झाली, त्यांना नोकरीच्या मध्यावर ही अट लागू होत आहे, याचे भान शासनाने ठेवायला हवे. माझ्या एक माजी सहकारी दुशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळतात. दुपारी पोषण आहाराची नोंद, संध्याकाळी मतदारयादीचे काम आणि रात्री दहानंतर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बालमानसशास्त्राचे पुस्तक, असा त्यांचा दिवस असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. ते कलमही तितक्याच काटेकोरपणे पाळले जावे. शासनाने या शिक्षकांना परीक्षेपूर्वी अभ्यासरजा द्यावी, तालुक्याच्या ठिकाणी विनाशुल्क मार्गदर्शन वर्ग भरवावेत आणि मुदत संपेपर्यंत परीक्षा वर्षातून किमान दोनदा घ्यावी.

– एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा