परदेशातून सीईएमचा अर्ज भरणाऱ्यांसाठी आठवण
मंडळी, आयएईएम (आपत्ती व्यवस्थापकांची आंतरराष्ट्रीय संघटना) देते त्या सीईएम म्हणजे सर्टिफाइड इमर्जन्सी मॅनेजर या प्रमाणपत्रासाठी जे अमेरिकेबाहेरून अप्लाय करतायत त्यांनी कागदपत्रं आत्तापासूनच गोळा करायला घ्या, शेवटच्या आठवड्यात काही होत नाही. सगळ्यात जास्त घोळ ट्रेनिंगच्या तासांत होतो. आपत्ती व्यवस्थापनाचे १०० तास वेगळे आणि जनरल मॅनेजमेंटचे १०० तास वेगळे, आणि त्यातही एकाच विषयाचे २५ टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, म्हणजे नुसते फर्स्ट एडचे कोर्स करून १०० भरत नाहीत बरं का. सर्टिफिकेटवर तास छापलेले नसतील तर ज्यांनी कोर्स घेतला त्यांच्याकडून लेटरहेडवर तास, तारीख आणि सही असलेलं पत्र मागून घ्या, माणसं बदली होऊन गेली की मग कोण देणार. इंग्रजीत नसलेल्या कागदांचं भाषांतर सोबत जोडा. प्रोफेशनल काँट्रिब्युशन्स, म्हणजे या क्षेत्रासाठी नोकरीबाहेर दिलेलं योगदान, सहा लागतात, रोजच्या ड्युटीतलं काम त्यात चालत नाही. डिग्री नसेल तर एईएम म्हणजे असोसिएट इमर्जन्सी मॅनेजर या त्यांच्याच दुसऱ्या प्रमाणपत्राचा विचार करा, त्याला डिग्री लागत नाही, त्यात कमीपणा काही नाही. स्कॅन मात्र सरळ आणि वाचता येतील असे पाठवा, मोबाईलवर तिरके काढलेले फोटो नकोत प्लीज. फी आणि तारखा आयएईएमच्या साइटवरच बघा, फॉरवर्ड मेसेजवर जाऊ नका.